मनाचा फोटो

आमच्या भागात एक्स-रेला एक्स-रे कोणी म्हणत नाही. फोटो म्हणतात. आणि फोटो म्हटला की माणूस सवयीने केस सारखे करतो. कणकवलीच्या ज्या सेंटरात मी अठ्ठावीस वर्षं हाडांचे फोटो काढतो आहे, तिथे गुडघा दाखवायला आलेल्या बायकासुद्धा दाराबाहेर तोंडाला पावडर लावून घेतात. एक आजोबा छातीच्या फोटोसाठी नवाकोरा शर्ट घालून आले होते. शर्ट काढा म्हटल्यावर ते इतके हिरमुसले की मलाच वाईट वाटलं. "दादा, जरा बरो काढ हां," असं मला रोज कोणीतरी बजावतं. "गेल्या टायमाक काळो इललो."

इतकी वर्षं माणसं आतून बघितल्यावर माझा एक सिद्धांत तयार झाला होता, आणि तो मी चहाच्या टपरीवर कोणी विचारलं नाही तरी सांगायचो. आपण मराठी माणसं मनातलं सगळं शरीरात ठेवतो. राग नाकावर, माया पोटात, भीती छातीत, हेवा डोळ्यात. मी यातला प्रत्येक अवयव पुढून, मागून आणि आडवा पाहिलेला आहे. तिथे हाडं, हवा आणि एकदा एक गिळलेलं बटण याशिवाय मला काही सापडलेलं नाही. तेव्हा मन म्हणून जे काही आहे ते आत येतच नसावं, नातेवाईकांबरोबर बाहेरच्या बाकड्यावर बसून राहत असावं, असं मी म्हणायचो. हा विनोद माझा स्वतःचा होता आणि मला तो फार आवडायचा.

मग हाच प्रश्न माझ्या घरात येऊन बसला.

घर आमचं तोंडवलीला, खाडीच्या अंगाला. मी कणकवलीला खोली घेऊन राहतो आणि शनिवारी संध्याकाळी मोटारसायकलने घरी जातो. बाबा पंच्याहत्तरीच्या पुढचे. एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन जमाना झाला. पण गावात त्यांची ओळख आहे ती पागासाठी. पाग म्हणजे एकट्या माणसाने हाताने फेकायचं गोल जाळं, कडेला शिशाच्या गोळ्या लावलेलं. गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, जाळ्याची एक कड दातात धरायची, बाकीचं खांद्यावर आणि हातावर घ्यायचं, कमरेतून वळायचं आणि सोडून द्यायचं. नीट पडलं तर पाण्यावर ताटासारखं गोल उघडतं. बाबांचं कायम तसंच पडायचं. आणि त्यांच्यापासून दहा पावलांवर चाचांचंही तसंच पडायचं.

चाचा म्हणजे बाबांचे दोस्त. त्यांचं घर खाडीच्या काठावर, आमच्या कुंपणाला लागून. पूर्वी त्यांच्याकडे सुक्या मासळीचा व्यापार होता, आता मुलगे बाहेरगावी आहेत आणि घरात चाचा आणि चाची दोघंच. बाबा आणि चाचा चाळीस वर्षं ओहोटी बघून एकत्र पागायला जात आले. पाण्यात दोघं एकमेकांशी बोलत नसत, कारण दोघांच्याही तोंडात जाळं असायचं. आई म्हणते, दोस्ती इतकी वर्षं टिकली ती त्यामुळेच.

मागच्या वर्षी शिमग्याच्या सुमारास मुंबईचे काही पर्यटक खाडीवर आले. त्यांना जाळं टाकताना शूटिंग करायचं होतं. बाबांनी मिशा पुसल्या, पाण्यात उतरले, वळले आणि जाळं सोडलं. ते पसरलंच नाही. लांबट झालं, एका बाजूला दुमडलं आणि तसंच पाण्यात पडलं. चाचांनी दातातली कड सोडली आणि म्हणाले, "आज जाळा नाय टाकलंस रे, आमलेट टाकलंस."

पर्यटक हसत सुटले. मोबाईल चालूच होता. संध्याकाळपर्यंत ते आमलेट गावातल्या घराघरात पोचलं. दुसऱ्या दिवशी बाबा दुकानात काडेपेटी आणायला गेले तर दुकानदाराने विचारलं, अंडी पण देऊ काय.

बाबा घरी आले, आणि त्याच दिवसापासून त्यांचा उजवा हात वर जाईनासा झाला. खांद्याच्या पातळीला आला की चेहरा पिळवटायचा आणि हात खाली यायचा. चहाचा कप डाव्या हाताने. सदरा घालायला आईची मदत. पागाचं जाळं पडवीतल्या खुंटीला गेलं. चाचांशी अबोला सुरू झाला. चाचाही मानी, त्यांना वाटलं, चाळीस वर्षांत मी एक थट्टा केली तर ह्याच्या नाकाला एवढ्या मिरच्या? तेही कुंपणाशी येईनासे झाले. आई आणि चाची मात्र कुंपणावरून वाट्या आणि बातम्या देत-घेत राहिल्या. नवऱ्यांच्या भांडणात आपण कशाला उपाशी राहायचं, असं दोघींचं मत होतं.

मी बाबांना कणकवलीला आणलं आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या खांद्याचा फोटो काढला. पुढून आणि बाजूने. फोटो अगदी साफ होता. पंच्याहत्तरीच्या माणसाचा इतका सुंदर खांदा मी क्वचितच पाहिला होता, आणि तसं मी त्यांना कौतुकाने सांगितलं. ते भयंकर चिडले. दुखणारा माणूस आपलं हाड सुंदर आहे हे ऐकायला आलेला नसतो, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

पुढच्या सोमवारी तो फोटो काखोटीला मारून ते एकटेच एसटीने कुडाळला एका हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. माझ्या ओळखीच्या डॉक्टरांकडे त्यांना जायचं नव्हतं, कारण ते सगळे माझ्याच बाजूने बोलतील. संध्याकाळी परत आले, चपला काढल्या आणि पडवीतल्या बाकावर बसले. पुढचं मला आईने फोनवर जसंच्या तसं सांगितलं.

"काय म्हणालो डाक्टर?" आईने विचारलं.

"मनाचा आसा म्हणालो."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? मनाचा. आणि वर म्हणता, मनाचो फोटो काढून हाडा."

मनाचा फोटो काढून आणायचा? आईने जरा विचार केला आणि मला फोन लावला. "तुझ्या मशिनीत मनाचो फोटो येता काय रे?"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे 'तो मनाचा सांगता' असं म्हणतात ते थापा मारणाऱ्या माणसाबद्दल. मनाचं म्हणजे बनवलेलं, पदरचं. आयुष्यभर एका तिकिटाचाही खोटेपणा न केलेल्या माझ्या बापाला एका डॉक्टरने तोंडावर खोटारडा म्हटलं होतं आणि वर थट्टाही केली होती. बाबांनी डॉक्टरांची चिठ्ठी एसटीच्या खिडकीतून सोडून दिली. सबंध नोकरीत खिडकीतून कागद टाकणाऱ्या प्रवाशांवर जे ओरडत आले, त्यांनी.

मला डॉक्टरांचा राग आला, पण त्यांचं निदान पटलं. नाही तरी आमलेटनंतरच हात गेला होता ना? फोटो साफ होता ना? माझा सिद्धांतच घरी चालत आला होता. चाचांच्या एका वाक्याने मन दुखावलं, आणि मनाने जाऊन हाताला धरलं. मी डॉक्टरांना फोन करून विचारलंदेखील नाही. विचारायचं काय होतं?

आईचा मात्र ऐकीव गोष्टींवर विश्वास नाही. तिने प्रयोग सुरू केले. पहिला प्रयोग खाजाच्या डब्याचा. शिमग्याच्या जत्रेतून आणलेला खाजा तिने मुद्दाम सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला. चार दिवसांनी डबा रिकामा निघाला. पण डब्यावर बोटांचे ठसे डाव्या हाताचे होते, त्यामुळे तो प्रयोग अनिर्णित राहिला. दुसरा प्रयोग लिंबाचा. बाबा बेसावध असताना तिने त्यांच्या उजव्या अंगाला लिंबू फेकलं आणि म्हणाली, "पकडा." बाबांनी पकडलं नाही. लिंबू कानावर बसलं. दोन दिवस आमच्या घरात दुसरा अबोला होता.

तिसऱ्या प्रयोगाला मी हजर होतो. रविवारची दुपार, बाबा जेवून आडवे झालेले. आईने मला खुणेने बोलावलं आणि दाराच्या फटीतून आत बघायला लावलं. बाबा गाढ झोपले होते, आणि त्यांचा उजवा हात, तोच हात, वर उचलून डोक्यावर ठेवलेला होता. अगदी आरामात. फोटो काढताना माझ्याकडून जो कोन जमला नव्हता तो तिथे आपोआप जमला होता.

"बघलंस?" आई कुजबुजली. "जागो असताना कप उचलना नाय, आणि झोपेत बघ."

बाबा जागे होईस्तोवर आम्ही दोघं उभे होतो. त्यांनी डोळे उघडले, आपला हात कुठे आहे ते पाहिलं, आणि चोरी करताना पकडल्यासारखा तो घाईने खाली घेतला. खाली घेताना कण्हले. मला हसू आवरेना. हाताला झोपेत काही माहीत नव्हतं, जागा झाल्यावर त्याला आपण आजारी असल्याचं आठवलं होतं. याहून पक्का पुरावा मला नको होता.

हे सगळं गमतीचं राहिलं असतं. पण एप्रिलमध्ये किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टचा मालक घरी आला. तो दोन-तीन वर्षं बाबांच्या मागे होता. त्याला जेवणाच्या हॉलच्या भिंतीवर शोभेला हाताने विणलेलं जुनं जाळं हवं होतं. बाबा त्याला दरवेळी हाकलून द्यायचे. माझं जाळं भिंतीवर लागेल तेव्हा शेजारी माझा हार घातलेला फोटोही लाव, म्हणायचे. या वेळी त्यांनी त्याला बसवून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाले, "मे महिन्यात ये आणि घेवन जा."

आईने मला हे सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात थट्टा नव्हती. मलाही एकदम भीती वाटली. माझे वडील त्या पाण्यात उतरले नाहीत तर ते कोण, हे मला सांगता येईना. निवृत्त कंडक्टर असे गावोगाव आहेत. खुंटीवरचं जाळं गेलं असतं तर बाबा बाकावर बसून राहिले असते आणि तिथेच संपले असते, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. जाळं भिंतीवर जाता कामा नये, एवढंच आता मला कळत होतं.

आणि मी जे करायला नको होतं ते केलं.

सेंटरातल्या खणात कोणी न्यायला न आलेले जुने फोटो पडून असतात. त्यात एका बाईचा डाव्या खांद्याचा फोटो होता. ती अंगणात घसरून पडली होती आणि तिच्या दंडाच्या हाडाला वरच्या टोकाशी बारीकशी चीर गेली होती. मी कात्रीने वरची नावाची पट्टी कापली, कडेची खूण कापली, आणि फिल्म उलटी केली. डावा खांदा उजवा झाला. इतकं सोपं आहे ते. दुसऱ्याचं हाड बापाला दाखवणं हे माझ्या धंद्यात पाप आहे, हे मला कळत होतं. पण मनाने हाताला धरलं असेल तर मनालाच काहीतरी दाखवलं पाहिजे, असा माझा हिशेब होता. आधी चीर दाखवायची, मग चीर भरली म्हणून सांगायचं.

शनिवारी मी फिल्म बाबांच्या हातात दिली. "बाबा, पहिल्या फोटोत नीट दिसलं नव्हतं. मी तो सेंटरात परत छापून घेतला, मोठ्या डॉक्टरांनी बघितला. ही चीर बघा."

त्यांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. डाव्या हाताने. माझ्या बोटाखालची ती केसाएवढी रेघ ते बराच वेळ बघत राहिले.

"म्हणजे आसा," ते म्हणाले.

"आसा."

"मनाचा नाय."

"नाय."

त्यांचे डोळे भरून आले. दीड महिना दुखण्याबद्दल त्यांनी एक अवाक्षर काढलं नव्हतं, आणि आता ती रेघ ते बोटाने हळूच चाचपत होते. मला एकाच वेळी शरम वाटली आणि आपण फार हुशार आहोत असंही वाटलं. शरम लवकर गेली. चीर भरायला थोडे दिवस लागतात, मी सांगितलं, कोमट तेल लावा, हळूहळू हलवा, आपोआप बरं होईल. माझ्या देखत आईने कुंपणाकडे धाव घेतली आणि चाचीला बातमी दिली.

पुढचं सगळं माझ्या हिशेबाप्रमाणे घडलं. आठवड्याभरात आईचा फोन आला, हात कानापर्यंत गेला. मग डोक्यापर्यंत. चाचा घरी येऊन गेले, अबोला सुटला. मे महिन्यात रिसॉर्टवाला टेम्पो घेऊन आला तेव्हा बाबांनी त्याला कोकम सरबत दिलं आणि रिकाम्या टेम्पोनिशी परत पाठवलं. जूनच्या आधी एका रविवारी ते दोघं खाडीत उतरले. मी काठावर उभा होतो. बाबा वळले, हात वर गेला आणि जाळं सुटलं. गोल म्हणजे गोल. मी तिथे एकटाच असतो तर रडलो असतो. पर्यटक होते म्हणून टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर माझ्या बोलण्याला काही धरबंध राहिला नाही. टपरीवर, सेंटरात, लग्नाच्या पंगतीत, मी मन आणि शरीर या विषयावर बोलायला लागलो. नाव न घेता 'एका गृहस्थांची' गोष्ट सांगायचो. औषध नाही, इंजेक्शन नाही, एक खोटी रेघ दाखवली आणि हात उठला. लोक तोंडात बोटं घालायचे. घरीसुद्धा, बाबांच्या समोर, मी आडून आडून बोलायचो. माणसाचं मन म्हणजे काय चीज आहे बघा, बाबा. बाबा मान डोलवायचे. एकदा चाचा बसलेले असताना मी अर्धा तास बोललो. चाचा मध्येच उठून कुंपणापलीकडे गेले आणि तिकडून त्यांच्या खोकल्याचा आवाज येत राहिला. मला वाटलं, खरंच खोकला.

मग गणपती जवळ आले आणि साफसफाईसाठी आईने मला माळ्यावर चढवलं. जुन्या पाटांच्या मागे दोन मोठी पाकिटं होती. एक मी दिलेलं. दुसरं कुडाळच्या एका सेंटरचं, वर बाबांचं नाव. मी फिल्म बाहेर काढून माळ्याच्या झरोक्याशी धरली. ती मानेची होती. मणक्यांमधली जागा कमी झालेली, कडेला हाडं वाढलेली, नस दाबली जाणार हे मलाही कळावं इतकं स्पष्ट. काढणाऱ्याने हनुवटी आणखी जरा वर घ्यायला हवी होती, असं पहिल्यांदा माझ्या मनात आलं ते सवयीने. मग मी तारीख बघितली. मी खोटा फोटो दाखवला त्याच्या बरोबर तीन दिवसांनंतरची.

बाबा घरापुढच्या खळ्यात बसून जाळ्याचं एक फाटलेलं घर विणत होते. मी दोन्ही पाकिटं त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी पाकिटांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सुई चालूच ठेवली.

"गावला मगे," ते म्हणाले. "चाचा म्हणालो होतो, एक दिस तू माळ्यार चढतलंस."

मग त्यांनी सांगितलं. चाचीकडून बातमी गेल्यावर चाचा सोमवारी, मी कणकवलीला परतल्यावर, आले होते. भांडण असलं तरी हाड मोडलेल्या माणसाला बघायला जावं लागतं. हातात चार शहाळी होती. फोटो दाखव म्हणाले. दोघं खळ्यात उन्हात उभे राहिले आणि फिल्म सूर्यासमोर धरली. बाबांनी चीर दाखवली. चाचांची नजर दुसरीकडेच होती.

"ह्या काय रे, ह्या?"

"हाड."

"हाड नाय. ह्या, पांढरा."

बाबांनी डोळे बारीक केले. खांद्याच्या वर, कडेला, एक सेफ्टी पिन होती. अगदी स्वच्छ, डोक्यासकट. पदराची. त्या बाईला हात हलवता येत नव्हता म्हणून पिन काढायची राहिली होती. मी रोज फोटोत इतक्या पिना बघतो की आता मला त्या दिसतच नाहीत. पोरांना दिसतात, म्हाताऱ्यांना दिसतात.

"कदीपासून पदर घेवक लागलंस?" चाचांनी विचारलं होतं.

बाबा म्हणाले, की त्यानंतर दोघांनाही उभं राहवेना. चाचा बाकावर पडून हसले. बाबांनी खांदा धरून हसायचा प्रयत्न केला, तर तो आणखी दुखला, म्हणून ते रडत रडत हसले. सगळं ओसरल्यावर चाचांनी फिल्म बाजूला ठेवली आणि विचारलं, "ता सोड. दुखता खंय ता सांग."

बाबांनी बोट मानेवर ठेवलं. तिथून खांद्यावरून, दंडावरून, कोपरावरून थेट अंगठ्यापर्यंत नेलं. मुंग्या येतात, म्हणाले. हात वर नेताना कळ येते, पण एकदा डोक्यावर जाऊन बसला की बरं वाटतं. जागेपणी तिथवर न्यायचं धाडस होत नाही, झोपेत हात आपला आपण जातो. चाचा ऐकत राहिले, आणि मग कपाळावर हात मारून घेतला. त्यांना स्वतःला दोन वर्षांपूर्वी हेच झालं होतं. मान.

"डाक्टर मनाचा कित्याक म्हणात? मनाचो खंय फोटो निघता?" चाचा म्हणाले होते. "तो मानेचा म्हणालो असतलो, मेल्या. मानेचो फोटो. तुका कानाचो डाक्टर होयो."

डॉक्टर तोंडाला मास्क लावून, कॉम्प्युटरकडे बघत बोलत होते. मानेचं आहे, मानेचा फोटो काढून आणा. बाबांच्या कानात गेलं ते मनाचं. आणि अठ्ठावीस वर्षं मानांचे फोटो काढणाऱ्या त्यांच्या मुलालाही तेच खरं वाटलं, कारण त्याला तेच ऐकायचं होतं. दोघं रिक्षा करून त्याच डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी नुसतं विचारलं, मानेचा फोटो आणलात का, फार उशीर केलात. व्यायाम दिले, शेक सांगितला. ते व्यायाम बाबा चाचांच्या पडवीत जाऊन करत होते, म्हणजे माझ्या कानावर येऊ नये.

"आणि आमलेट?" मी विचारलं.

"आमलेट पडला म्हणान हात दुखाक नाय लागलो रे," बाबा म्हणाले. "हात दुखत होतो म्हणान आमलेट पडला. महिनाभर आधीपासून दुखत होतो. कोणाक सांगूक नाय. माका वाटला, वय झाला, आता संपला. आणि चाचो नेमको थंयच बोललो."

म्हणजे माझा सबंध सिद्धांत उलटा टांगलेला होता. त्या सिद्धांतावर मी किती लग्नांच्या पंगती खाल्ल्या, ते आठवून मला घाम फुटला.

"मगे माका कित्याक नाय सांगलास?"

"तू केवढो खूश होतंस. चाचा म्हणालो, नको सांगू, पोराचा मन मोडात." त्यांच्या मिशीत हसू होतं. "आणि तुझा भाषण पण बरा होता. आमी दुसऱ्या दिवशी काठार बसान त्याची उजळणी करत होतो."

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी धागा दाताने तोडला, गाठ ओढून बघितली आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "चाच्यान विचारल्यान, खंय दुखता. तू विचारूक नाय. तुका सांगलंय, हात दुखता, तू मशिनीखाली उभो केलंस. मगे दुसऱ्याचो खांदो हाडून दाखवलंस. तुका वाटला, बापाशीचा दुखणा खोटा, तेका फोटो पण खोटोच चलात."

आवाजात राग अजिबात नव्हता. त्यांनी ते कंडक्टर पुढच्या स्टॉपचं नाव सांगतो तसं सांगितलं. मी त्यांना फसवलं याचं त्यांना काही वाटलेलं नव्हतं, त्यावर ते पोट धरून हसले होते. त्यांचं दुखतं आहे यावर मी एक दिवसही विश्वास ठेवला नाही, ते त्यांना लागलं होतं. आणि ते खरं होतं. मला फार लाज वाटली.

मी उठून त्यांच्या मागे जाऊन बसलो. अनोळखी माणसांच्या माना मी रोज दोन बोटांनी सरळ करतो, आणि बापाच्या मानेला शेवटचा हात कधी लावला होता ते मला आठवेना. मी तळवा ठेवला.

"हय?"

"जरा खाली."

मी हात खाली नेला.

"हय दुखत होता," ते म्हणाले. "आता दुखना नाय."

मी हात काढायला लागलो.

"आसांदे," ते म्हणाले, आणि सुई ओवायला घेतली.